हुरडा आणि औरंगाबादचं विमान

सत्तरच्या दशकात आमच्या धाकट्या नणंदेला औरंगाबादचं स्थळ आलं. मुलगा, त्याची आई, सगळे राजी होते. राहिले होते फक्त मुलाचे मामा, आणि त्यांच्या होकाराशिवाय त्या घरात पान हलत नसे. मामा एका कारखानदाराकडे नोकरीला होते. मालकांचं स्वतःचं छोटं विमान होतं. मालकांचं सोलापुरात काम निघालं, तेव्हा मामाही त्याच विमानाने येणार असं कळलं. विमानतळ होटगी रस्त्याला, आमचं शेत त्याच्या थोडं पुढे. दिवस हुरड्याचे. मुलगी शेतावरच दाखवायची आणि मामांना हुरडा खाऊ घालायचा, असं ठरलं.

हुरडा भाजल्या भाजल्या खावा. गार झाला की चिवट होतो. तेव्हा आगटी कधी पेटवायची, हा प्रश्न होता. मी म्हटलं, त्यात अवघड काय? मुलाच्या ॲटलासवर सोलापूर ते औरंगाबाद दोरा ताणला आणि प्रमाणपट्टीवर मोजला. सरळ रेषेत अडीचशे किलोमीटर. विमानाचा वेग पत्र पाठवून आधीच विचारून घेतला होता.

"एक तास," मी जाहीर केलं. "दहाला निघणार, अकराला इथे. साडेदहाला आगटी पेटवा."

"एष्टीला तर अख्खा दिवस लागतो की गं," सासूबाई म्हणाल्या.

"एसटी जेवायला थांबते. विमान थांबत नाही."

अकराला खरोखरच विमान डोक्यावरून गेलं. ते मीच चालवत आणल्यासारखं मी सगळ्यांकडे पाहिलं आणि कणसं आगटीत टाकायला लावली.

मामा आले नाहीत. मालक त्यांना विमानतळावरून परस्पर गिरणीत घेऊन गेले होते. ते काही ॲटलासमध्ये नव्हतं. पहिला घाणा गार झाला, तो आम्ही खाल्ला. दुसराही आम्हीच खाल्ला. पुढे कोवळी कणसंच संपली.

"इमान येळेवर आलं बग," सासूबाई म्हणाल्या. "मामाच तेवढा ऱ्हायला."

दुपार कलल्यावर मामा टांग्यातून उतरले, ते पांढरेफटक पडलेले. इकडे कणसं चोळून चोळून नणंदेचे हात काळे, गालावर राख. मुलगी पुढे आणायची सोडून मी तिला पाठीशी लपवत होते. हिचं लग्न माझ्या दोऱ्याने मोडणार, याची मला खात्री झाली. मी हुरड्याबद्दल माफी मागायला लागले.

"खायचं नावच काढू नका हो," मामा बाजेवर टेकत म्हणाले. "विमानात सगळं उलटून पडलं. ताक आहे का?"

नणंदेने त्या काळ्या हातांनीच ताक दिलं. मामांनी दुसरा पेला मागितला. मग हळूच विचारलं, "परत जायला एसटी आहे का? त्या विमानात मी काही बसत नाही."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. विमानाची वेळ मला पाठ होती. एसटीची ठाऊक नव्हती.

"चारला आहे," नणंद म्हणाली. "पण मामा, मागं बसू नका. पुढं, खिडकीपाशी बसा. तोंडात ठेवायला आवळासुपारी देते बांधून."

मामा त्या दिवशी पहिल्यांदा हसले. "पोरगी कामाची आहे," म्हणाले, आणि आवळासुपारीची पुडी खिशात घालून होकार देऊन गेले.

लग्नाला वऱ्हाड एसटीनेच आलं. पोहे फोडणीला कधी टाकायचे, ते सासूबाईंनी ठरवलं. ॲटलास त्यांनी आदल्या दिवशीच माळ्यावर टाकला होता, माझा हात पोचणार नाही इतका आत.