ड्रायरच्या दारावरचं नवं

कारखान्यात लागलो तेव्हा पहिले काही महिने मला कोणी वाल्व्हला हात लावू दिला नाही. आमचे फोरमन म्हणायचे, "आधी लाइन पकडायला शीक." म्हणजे टाकीतून निघालेला पाइप कुठल्या पंपाला मिळतो, तिथून कुठं वर चढतो, रिअ‍ॅक्टरच्या कुठल्या तोंडात शिरतो, हे खडूनं खुणा करत चालत जाऊन शोधायचं. मान दुखायची, कपड्यांचा वास जात नसे, पण खरं सांगायचं तर मजा यायची. रिअ‍ॅक्टर म्हणजे दुहेरी भिंतीचं भलंमोठं भांडं. मधल्या पोकळीत वाफ सोडली की आतला माल तापतो. मग सेंट्रीफ्यूजमध्ये तो गरगर फिरून पाणी झटकतो. शेवटी ड्रायर, लोखंडी कपाटासारखा, आत ट्रेवर पसरलेला ओला माल आणि त्यावरून फिरणारी गरम हवा.

घरी जेवताना मी हे सगळं ताटात मांडून दाखवायचो. आमटी म्हणजे वाफ, भात म्हणजे माल. दादा, माझा थोरला भाऊ, हसत ऐकायचा, मध्येच चिडवायचा, "जेव रं, तुजा माल थंड झाला." त्यानं असं हसावं आणि मी ताटात खाली बघावं, हे रोजचं होतं.

कारण नोकरी त्याची होती. रसायनीत कारखाने आले त्यात आमची भाताची सगळी खाचरं गेली आणि बदल्यात घरटी एकाला काम मिळालं. शेत कसत होता दादा. मी मॅट्रिक होऊन नुसता गावभर उंडारत होतो. तो म्हणाला, "मी थितं जाऊन काय करू? तू शिकलास, तूच जा." मी नाही म्हणून पाहिलं. त्यानं ऐकलं नाही, आणि मला आतून बरं वाटलं. तो चौक गावच्या वखारीत लाकडं चढवायला जाऊ लागला.

दसऱ्याला कारखान्यात यंत्रांची पूजा असायची आणि घरच्यांना आत सोडायचे. दादा धुतलेला सदरा घालून आला. मी त्याला एकेक यंत्र दाखवत हिंडवलं, जरा जास्तच तोऱ्यात. ड्रायरपाशी त्यानं दार उघडून आत डोकावून पाहिलं.

"यात भात सुकंल का रं?"

"सुकेल की."

"मंग पावसाची भीती नाय," तो म्हणाला, आणि आम्ही दोघं हसलो. ड्रायरची ती शेड होती तिथंच आम्ही पालापाचोळ्याचा राब भाजून भाताची रोपं टाकायचो. कुंपणालगतच्या आमच्या जुन्या विहिरीवरून मला ते पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्यालाही आता कळलं असणार.

मग त्यानं पिशवीतून नवं काढलं. आमच्याकडं दसऱ्याला शेतातल्या पहिल्या लोंब्या आंब्याच्या पानांत, झेंडूत गुंफून दारावर बांधतात, त्याला नवं म्हणतात. ते त्यानं ड्रायरच्या मुठीला बांधलं आणि हात जोडले.

पूजा आटोपली तसे फोरमन आले. माणसं बाहेर काढायची होती, प्लांट सुरू करायचा होता. मला म्हणाले, "आज ड्रायर तू चालू कर. आणि ते गवत काढ आधी, गरम हवेजवळ वाळलेलं काही नको." त्यांचं बरोबर होतं. माझे हात मात्र पुढं होईनात.

"काढ रं," दादा म्हणाला. "तुजं काम हाय ते."

मी गाठ सोडली. लोंब्या हातात आल्या तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली. आम्हाला आता शेतच नव्हतं.

"या कुठल्या?"

"लोधिवलीला एकाकडनं मागून आनल्या."

नवं कोणी मागून आणत नाही. ते आपल्याच शेतातलं असतं. मी विचारलं, "काही बोलले का ते?"

"इचारलं, तुमच्याकडं अवंदा काय पिकलं नाय का." दादानं रिकामी पिशवी घडी करून खिशात घातली. "मी म्हनलं, पिकलं की. भाऊ पिकला."

तो गेटबाहेर पडेपर्यंत मी थांबलो. मग शिकवल्याप्रमाणे आधी पंखा, मग वाफ, असा ड्रायर सुरू केला. कुठंही चुकलो नाही. फोरमननी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. छातीवरच्या खिशात कोंबलेल्या लोंब्या मला टोचत होत्या, आणि त्या काढून ठेवायला त्या शेडमध्ये मला जागा नव्हती.