शेजारच्या खाटेवरचे काका

वर्तकनगरातली आमची जुनी इमारत पाडून नवी बांधायचं घाटत होतं, तेव्हा सोसायटीची सेक्रेटरी मी होते. दारावरची बेल वाजली तरी, आता कोण भांडायला आलं, म्हणून छातीत धडधडायचं, झोप तर उडालीच होती. आमच्या डॉक्टरांनी दोनतीनदा बीपी तपासलं आणि गोळी सुरू केली. "गोळीने उतरेल, पण तुम्ही जिवाला लावून घेणं कमी करा," असंही म्हणाले. ते कसं करायचं हे काही मला सुचेना.

ठाकुर्लीची माझी नणंद मागे लागली. "वहिनी, मी ॲक्युपंक्चरला येते ना, ते तुझ्या घराजवळच आहे. एकदा येऊन तर बघ."

सुई म्हटलं की मला घाम फुटतो. तरी गेले. तिथल्या डॉक्टर बाईंनी आधीच बजावलं, "गोळी बंद करायची नाही हं. काहींना याने शांत वाटतं, मग बीपीही थोडं खाली येतं. सगळ्यांनाच गुण येईल असं मी सांगणार नाही."

केसासारख्या बारीक सुया. मनगटाजवळ, गुडघ्याखाली, पायाच्या अंगठ्याशेजारी. मुंगी चावल्यासारखं झालं आणि मग अंग जड होत गेलं. फोन पर्समध्ये बंद होता. मी चक्क घोरले म्हणे!

मग दर शनिवारी जाऊ लागले. एकदा पडद्यापलीकडच्या खाटेवर कुणीतरी खाकरलं. तो आवाज मी ओळखला. आमच्या तळमजल्यावरचे काका, इमारत पाडायला विरोध करत प्रत्येक मीटिंगमध्ये माझ्यावर आवाज चढवणारे. उठून जावं तर हातापायात सुया.

"काका, तुम्ही?"

"तुमच्यामुळेच आलोय मॅडम. बीपी वाढलंय."

"माझंही तुमच्यामुळेच वाढलंय."

आणि दोघंही हसत सुटलो. "हलू नका!" बाहेरून डॉक्टर बाई ओरडल्या.

हसू ओसरल्यावर काका हळू आवाजात म्हणाले, "आमच्या हिला आता जेमतेम दिसतं. या घरात सगळं सवयीने करते, चहासुद्धा. नव्या जागेत बिचारी चाचपडत बसेल. हे मीटिंगमध्ये चारचौघांत कसं बोलू?"

मला वाटत होतं, माणूस हट्टी आहे. तो घाबरलेला होता.

पुढच्याच आठवड्यात मी टेप घेऊन त्यांच्याकडे गेले. काकू ओट्यावरून हात फिरवत सांगत होत्या, "इथे गॅस, इथे साखर, इथे मीठ." मी मापं घेत होते. नव्या घरातलं स्वयंपाकघर तसंच करून द्यायला बिल्डर तयार झाला. मधल्या काळासाठी मागच्याच गल्लीत तळमजल्याची जागा मिळाली. काकांनी होकार दिला, आणि ती मीटिंग पहिल्यांदाच चहा गरम असेपर्यंत आटोपली.

काही महिन्यांनी आमच्या डॉक्टरांनी माझी गोळी अर्धी केली.

"सुयांनी उतरलं, की भांडण मिटल्यामुळे?" मी विचारलं.

"काय माहीत! सुया आणि सलोखा, दोन्ही चालू ठेवा," ते हसत म्हणाले.

तशी मी ठेवलीत. हल्ली शनिवारी काकूही येतात, गुडघ्यांसाठी. नणंद धरून चौघं बाहेर पडतो आणि कोपऱ्यावर उभं राहून उसाचा रस पितो.