सुभेदारांच्या गळ्यातलं मंगळसूत्र

मंगळसूत्र घालून अ‍ॅम्ब्युलन्समध्ये चढलेला आमच्या गावातला एकमेव पुरुष म्हणजे माझा नवरा.

तेव्हा मी नुकतीच सासू झाले होते आणि माधवनगरजवळच्या आमच्या गावात महिला मंडळाची अध्यक्षही. (दोन्ही पदं एकदम मिळाली की बाईचं डोकं जाग्यावर राहत नाही.) शाळेत हृदय तपासणीचं शिबिर भरलं. 'तेल कमी, मीठ कमी' यावर मी माइकवरून असं भाषण ठोकलं की घरच्या लोणच्याच्या बरणीलाही लाज वाटावी!

पण खरी काळजी माझ्याच घरात होती. आमचे हे, रिटायर सुभेदार, उसाला पाणी पाजता पाजता मध्येच बांधावर बसायचे, छाती चोळायचे. विचारलं की, "गॅस हाय." तपासणीचं नाव काढलं की, "फौजेत छाती मोजून घेतल्याली हाय. आता काय नवी फुटलीया व्हय?"

शेवटी मी म्हटलं, "माझीच तपासणी हाय. एकटीला भ्या वाटतंय, संगं चला." आले. पडद्याबाहेर अटेन्शनमध्ये उभे राहिले.

आत ईसीजीच्या टेबलावर मी आडवी. सिस्टर म्हणाली, "मावशी, गळ्यातलं काढून ठेवा. वायरी लावायच्यात."

"काढू? नवरा भाईर छाती चोळत उभा हाय, आन् मी गळ्यातलं काढू?"

"मग मशीन काय पदरावर लावू?"

रांगेतल्या बायका करवादल्या, "आवं अध्यक्षबाई, आवरा की!" तेव्हा माझ्या सुपीक डोक्यातून तोडगा निघाला. मंगळसूत्र मोकळं ठेवायचं नाही, ज्याच्या नावाचं त्याच्याच गळ्यात घालायचं! उठून पडद्यातून हात बाहेर काढला आणि ह्यांच्या गळ्यात घातलं.

बाहेर हशा फुटला. "सुभेदार, नाव घ्या की!" ह्यांना तोंड लपवायला जागा हवी होती. दिसली त्या खुर्चीत बसले. ती नेमकी बीपी मोजायची निघाली!

डॉक्टरांनी पट्टा गुंडाळला. पुन्हा गुंडाळला. ते हसत नव्हते.

"छातीत दुखतंय?"

"व्हय," हे हळूच म्हणाले. "डाव्या हातालाबी मुंग्या येत्यात."

हशा थांबला. मला वायरींच्या जंजाळात पडल्या पडल्या शिबिराच्या अ‍ॅम्ब्युलन्सचं दार आपटल्याचं ऐकू आलं.

"आवं, माझं मंगळसूत्र!" मी किंचाळले. (सिस्टरला वाटलं, बाईला सोन्याची पडलीय.) दिराच्या मोटरसायकलवर मागं बसून सांगली गाठेपर्यंत माझा हात मोकळ्या गळ्यावरून हलला नाही. जे टाळायला एवढा घोळ घातला, तेच समोर उभं होतं.

दवाखान्याच्या दारात, फोन ऐकून तेव्हाच धावत आलेली नणंद भेटली. तिनं माझा गळा पाहिला आणि हंबरडा फोडला, "माझा दादा गं!"

तिचं रडणं ऐकून मला वाटलं, संपलं सगळं. मी तिच्याहून मोठ्यानं सुरू केलं. माझं ऐकून तिची खात्रीच पटली! आम्ही गळ्यात गळे घालून खाली बसलो.

तेवढ्यात आतून ओळखीचा आवाज आला, "आगं, मी हितं हाय! गप बसा. तुमच्या आरडण्यानं बीपी वाढतंय म्हणत्यात डॉक्टर!"

वेळेवर आणलं म्हणून निभावलं. गळ्यात काळे मणी, छातीवर वायरी, अशा थाटात हे पडले होते. डॉक्टरांनी विचारलं, "जेवणात काय असतं?"

"तर्री, पापड, खारातली मिरची. मीठ मागावं लागत न्हाई, ही न मागता वाढती." मग माझ्याकडे बघून, "भाषण मातुर लय ग्वाड करती."

ह्यांच्या आयुष्यासाठी मी गळ्यातलं काढायला तयार नव्हते. ताटातला पापड काढावा, हे मात्र अध्यक्षबाईंना कधी सुचलंच नव्हतं!