फोरमन आत आले की

हे मी घरातही कुणाला सांगितलेलं नाही. कुपवाडच्या आमच्या कारखान्यात मी नऊ वर्षं ज्या खुर्चीत बसतोय, ती खरी आमच्या फोरमनची. मला तिच्यात अजून सलग पाच मिनिटं बसवत नाही. उठतो, खिडकीशी जातो, परत येतो. आणि स्वतःकडे कुणाचं लक्ष जाऊ न देण्यात त्या माणसाइतका तरबेज गडी सातारा-सांगली दोन्ही जिल्ह्यांत झाला नसेल.

सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन ते प्रत्येक मशीनला उलटा हात लावून बघत, पोराचा ताप बघावा तसा. कुणाला झापायचं असेल तर त्याला चालू ग्राइंडरपाशी नेत. त्या कर्कश आवाजात काय बोलणं झालं ते दोघांनाच ठाऊक. शाबासकी द्यायची असली की मात्र ग्राइंडर बंद करायला लावत, सगळ्यांच्या कानावर जावी म्हणून. एकदा एका लेथवाल्यानं अख्ख्या सकाळचा माल वाया घालवला. मी तेव्हा सुपरवायझर; सगळ्यांदेखत त्याचे वाभाडे काढायला निघालो होतो, तेवढ्यात हे त्याला ग्राइंडरकडे घेऊन गेले. परत आला तो जेवणाची सुट्टीही न घेता कामाला लागला. काय बोललात, विचारलं, तर म्हणाले, "काय न्हाई गड्या. घरी समदं ठीक हाय न्हवं, एवढंच इचारलं."

मॅनेजरची जागा निघाली तेव्हा मालकांनी आम्हा दोघांना महाबळेश्वरच्या एका हॉटेलात दोन दिवसांच्या शिबिराला धाडलं. माणसांवर छाप कशी पाडावी, हा विषय. छाती काढून चाला, नजर भिडवा, बोलण्याआधी थांबा. मग एकेकानं खोलीत असं शिरायचं की सगळ्यांच्या माना वळाव्यात. मी तर आरशासमोर तालीम करून गेलो होतो. फोरमन शिरले, जमिनीवरची वायर कुणाच्या पायात येऊ नये म्हणून कडेला सारली आणि भिंतीला टेकून उभे राहिले. सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी.

परतल्यावर मालकांनी मला एकट्याला बोलावून विचारलं, की फोरमन माणसं सांभाळतील का. मी म्हणालो, "भला माणूस आहे. पण साहेब, तो आत आलेला कुणाला कळतच नाही." खरं तर फोरमन आत आले की मोबाइल खिशात जायचे, हातमोजे हातात चढायचे, शेडचा आवाजसुद्धा बदलायचा. हे मी रोज बघत होतो.

जागा मला मिळाली. फोरमन माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बरं झालं गड्या. वरचं तुमी बघा, खाली आमी हाय." दुसऱ्या दिवसापासून मी त्यांचा 'साहेब' झालो. माझी पुढची सगळी वर्षं त्यांनीच निभावून नेली.

गेल्या वर्षी ते निवृत्त होऊन साताऱ्याकडे गावी गेले. आल्याचं पीक घेतात. फोनवर म्हणतात, "आवं साहेब, या की एकदा. लय दिस झालं." दोनदा निघालो, दोन्ही वेळा कराडहून गाडी मागं फिरवली. त्या दिवशी मालकांपुढे मी खोटं बोललो, हे त्यांच्या तोंडावर सांगणं माझ्याकडून अजून राहिलंय.