समुद्रातल्या किड्यांची जिवाणी

आमच्या नंदुरबारच्या घरात पाणी गाळल्याशिवाय कुणी पीत नसे. आम्ही मारवाडी जैन. विहिरीचं पाणी जाड कापडाच्या गळण्यातून गाळायचं आणि गळण्यात जे अडकलं, दिसो न दिसो, ते विसळून त्याच विहिरीत परत सोडायचं. त्याला जिवाणी म्हणतात. सासूबाई यात फार कडक. एकदा मला ताप भरला होता तेव्हा त्यांना माझ्यापेक्षा गळण्याला पडलेल्या भोकाची काळजी जास्त होती. घरातलं बोलणं मारवाडी, ते इथं मराठीत उतरवते आहे.

धाकटे दीर सुरतेला कॉलेजात शिकत. एका सुट्टीत ते गाडीने काचेची एक बरणी आणि मास्तरांकडून मागून आणलेलं सूक्ष्मदर्शक घेऊन आले. बरणीत समुद्राचं पाणी, त्यात बोटाएवढे चार लाल किडे, दोन्ही अंगांना केसाळ झालर.

सासरे म्हणाले, "शिकायला पाठवला तर किडे घेऊन आला. कीड आपल्या ज्वारीत कमी होती का?" मग आवाज बदलून म्हणाले, "या सुट्टीत काय शिकलास ते दाखव, नाहीतर दुकानात बस."

दिरांना किड्यांशी घेणंदेणं नव्हतं. त्यांना हवे होते किड्यांच्या अंगावर राहणारे जीव. ते जिवंत असताना त्यांची चित्रं काढून नेली, तर मास्तर सासऱ्यांना पत्र लिहून मुलाला कॉलेजात ठेवा म्हणणार होते. दुपारी खिडकीशी बसून, आरशात ऊन धरून दीर बघत बसत. मला अक्षरं त्यांनीच शिकवलेली, त्यामुळे मलाही एक डोळा लावायला मिळाला.

"दिसलं का भाभी?"

"तुमची पापणी दिसतेय."

"ती तुमचीच. जरा मागे व्हा."

मग दिसलं. किड्याच्या कल्ल्यावर, बारीक देठांवर उभ्या असलेल्या घंटा. तोंडाभोवती केस, ते इतके भराभर हलत की पाण्यात भोवरा पडे. धक्का लागला की सगळ्या एकदम अंग चोरत, सासरे आले की आम्ही सुना चोरायचो तसं. दीर म्हणाले, एकेक घंटा म्हणजे एकच पेशी. किड्याला खात नाही, नुसती त्याच्यावर बसून फिरते आणि पाण्यातून वाहत येईल ते गिळते.

"असे दोन मामेसासरे आहेत आपल्याकडे," मी म्हटलं.

सासूबाई स्वयंपाकघरातून ऐकत होत्या. "त्या पाण्यात जीव आहेत?"

कुणीतरी विचारलं याचाच दिरांना आनंद. "हजारो, माँ."

दुसऱ्या दिवशी सकाळी दीर बाहेर गेले. परत आले तर बरणी धुऊन पालथी घातलेली. सासूबाईंनी पाणी गाळलं होतं आणि किड्यांसकट सगळी जिवाणी अंगणातल्या विहिरीत सोडली होती. "किती दिवस कोंडले होते बिचारे," त्या म्हणाल्या.

दीर पायरीवर बसले. चित्र एकच झालेलं, तेही अर्धं. "माँ, ते खाऱ्या पाण्यातले. गोड्या पाण्यात मरतात."

"सगळे?"

"सगळे."

सासूबाई रडल्या नाहीत. त्यांनी गळणं बाजूला ठेवलं आणि जेवण बंद केलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सासरे समजूत घालायला आले.

"जिथलं पाणी, तिथं जिवाणी," त्या म्हणाल्या. "माझ्या हातून चुकीच्या ठिकाणी गेली. आता याने पुन्हा आणायचे, चित्रं काढायची आणि स्वतः समुद्रात सोडून यायचं. जितकी वर्षं शिकेल तितकी वर्षं."

असलं प्रायश्चित्त कुठल्या पोथीत नाही. पण उपाशी बायकोसमोर पोथी कोण उघडणार?

"आणि दुकान?"

"दुकानात तुम्ही आहात. समुद्रावर तुम्ही जाणार का?"

हरले की सासरे बाजारातल्या अहिराणीवर येत. दिरांकडे वळून म्हणाले, "जाय बापा, जाय."

सकाळी सासूबाईंनी मुगाच्या पाण्याने उपास सोडला. दीर रिकामी बरणी घेऊन निघाले, तेव्हा सासूबाईंनी त्यांना दारात थांबवून विचारलं, "तो समुद्र कुणी गाळतं का रे?"

"नाही माँ. एवढं गळणं कुठून आणणार?"

"मग पाण्यात पाय जपून टाक."