पंखाखालची नळी

वर्दी खुंटीला टांगून आता बरीच वर्षं झाली. खून, दरोडे, दंगली, सगळं पाहिलं आणि बरंचसं विसरूनही गेलो. पण आकाशात लहान विमानाची घरघर ऐकू आली, की हातातलं काम थांबतं आणि ती घटना जशीच्या तशी समोर उभी राहते. त्या प्रकरणात कोणी सराईत गुन्हेगार नव्हता. तरी एक तरुण जीव गेला होता आणि त्यापायी दुसऱ्या एका तरुणाला मी कोठडीत घातलं होतं.

आणीबाणी उठून दोन-तीन उन्हाळे झाले असतील. मी वर्धा जिल्ह्यात नाचणगावच्या पुढच्या भागात ठाणेदार होतो. एका दुपारी गावचा कोतवाल सायकल दामटत ठाण्यात आला आणि धापा टाकत म्हणाला, "साहेब, इमान उतरलं वावरात! दोन माणसं हायेत, जित्ती हायेत!"

जाऊन पाहतो तर खरंच, कापूस निघालेल्या मोकळ्या वावरात दोन माणसांचं शिकाऊ विमान उभं. एक प्रशिक्षक, चाळिशीतले. दुसरा शिकाऊ वैमानिक, अजून मिसरूडही धड न फुटलेला. रेल्वेच्या रुळांच्या खुणेने उडत होते, पण धुळीच्या वाऱ्यात खालचं दिसेना, वर्ध्याला रूळ फुटतात तिथे भलत्याच रुळाच्या मागे लागले आणि वाट चुकले. पेट्रोल संपेपर्यंत भटकण्यापेक्षा उजेड आहे तोवर उतरलेलं बरं, असं प्रशिक्षकांनी ठरवलं. निर्णय शहाणपणाचा होता. विमानाला ओरखडाही नव्हता आणि परत जाण्यापुरतं पेट्रोल होतं. त्यांच्या संस्थेशी फोन झाला आणि सकाळी हवा स्वच्छ असताना उडायचं ठरलं.

प्रशिक्षक सरपंचाच्या घरी मुक्कामाला गेले. पोरगा विमान सोडून जायला तयार होईना. मी एक शिपाई बंदोबस्ताला ठेवला. वावराचा मालक, साठीचा शेतकरी, आपणहून म्हणाला, "माह्या वावरात पाहुणा आला साहेब, राखण मी करतो."

सकाळी अख्खं गाव लोटलं. सरपंचांनी नारळ फोडला, बायांनी विमानाला कुंकू लावलं, दोघांच्या गळ्यात हार पडले. आमचे शिपाई दोरी धरून गर्दी मागे लोटत होते. ऊन चढायच्या आत निघायचं म्हणून प्रशिक्षकांची घाई चालली होती. विमान धावलं, उचललं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते गावावरून थोडं पुढे गेलं असेल, तोच आवाज खोकल्यासारखा तुटला आणि बंद झाला. विमान वावराकडे वळायला लागलं. वळता वळताच एका बाजूला कलंडलं आणि नाल्यात कोसळलं.

आम्ही धावलो. प्रशिक्षक जिवंत होते, बरगड्या मोडलेल्या. पोरगा गेला होता. हार गळ्यात तसाच होता. माझ्या नोकरीत मी पुष्कळ प्रेतं पाहिली, पण त्या हारावरून नजर हटेना.

आकस्मिक मृत्यूची नोंद केली, पंचनामा केला, अवशेषांवर पहारा बसवला. विमान खात्याचे निरीक्षक यायला वेळ लागणार होता. दवाखान्यात प्रशिक्षकांनी जबाब दिला, "पेट्रोल संपल्यावर इंजिन जसं बंद पडतं, अगदी तसं बंद पडलं. पण पेट्रोल तर होतं."

आता ते होतं की नव्हतं, हे पाहायची सोय नव्हती. टाक्या फुटून सगळं नाल्यात वाहून गेलं होतं.

दुसऱ्याच दिवशी आमच्या खबऱ्याने कानात सांगितलं, "साहेब, वावरवाल्या म्हाताऱ्याच्या पोट्ट्याच्या घरी पेट्रोलची कॅन हाय. त्या रातच्याले तोच डबा घेऊन गेलता वावरात."

झडती घेतली. कडब्याच्या मागे कॅन मिळाली, निम्मी भरलेली. मुलगा पंचविशीचा, नवीन लग्न झालेला, घरात फटफटी. कॅन कुठली विचारलं तर मान खाली. त्या रात्री वावरात गेला होतास का? "बाबाचा अन् त्या पोट्ट्याचा डबा घेऊन गेलतो." पेट्रोल काढलंस? "नाई." मग हे कुठून आणलं? गप्प.

वरून फोनवर फोन सुरू झाले. विमान पडलं, माणूस मेला, आरोपी सापडला, मग अजून वाट कशाची पाहता? उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना काय! तरी कागदावर चित्र जुळत होतं, हेही खरं. पेट्रोल चोरलं म्हणून इंजिन बंद पडलं आणि त्यात माणूस मेला, म्हणजे मामला साध्या चोरीचा राहत नाही. मी अटक दाखवली, न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करून पोलीस कोठडी घेतली. पोराची बायको पोटुशी होती. ती ठाण्याच्या फाटकाशी येऊन नुसती उभी राहायची. मला त्या फाटकातून जायची चोरी झाली.

मुलाची चौकशी मी स्वतः केली. हात उगारला नाही. शेवटी तो रडतच फुटला. कॅनमधलं पेट्रोल चोरीचंच होतं, पण सडकेच्या ठेकेदाराच्या जीपमधलं, विमान येण्याच्या आधीचं. "साहेब, जीपचं कबूल करतो. पण इमानाले मी हात नाई लावला. त्या पोट्ट्यानं माह्या हातची भाकर खाल्ली जी!"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं त्याचं झालं होतं. पण ठेकेदाराच्या ड्रायव्हरला विचारलं तर त्याला पत्ताच नव्हता. स्वतःच्या टाकीवर लक्ष नाही आणि म्हणे ड्रायव्हर! म्हणजे पोरगं खरं बोलतंय, हे सांगणारं कोणी नव्हतं.

त्याचा बाप मात्र ठाण्यासमोरच्या कडुनिंबाखाली बसून होता. सकाळी यायचा, दिवेलागणीला उठायचा. आमचे जमादार जुने, याच मुलखातले. ते म्हणाले, "साहेब, म्हातारा कायी बोलून बी नाई राह्यला अन् जाऊन बी नाई राह्यला."

मला तेच खटकत होतं. पोराला आत टाकलं की बाप हातापाया पडतो, देवाधर्माच्या शपथा घालतो, पुढाऱ्याची चिठ्ठी आणतो. हा काहीच करत नव्हता. जो बाप पोरासाठी गयावया करत नाही, त्याच्या पोटात काही वेगळंच असतं. मी त्याला आत बोलावलं, चहा मागवला. चहा त्याने तसाच ठेवला आणि विचारलं, "साहेब, इमानाच्या पंखाखाली एक बारकी नळी राह्यते. ते कायची असते जी?"

"मला नाही माहीत. का?"

"तिच्यात मी बोळा घातलता."

म्हातारा मग सावकाश सांगू लागला. आमच्या बाजूला पेरणी झाली, की तिफण आढ्याला टांगताना तिच्या नळ्यांमध्ये कापसाचा बोळा कोंबतात आणि वरून ओली माती लिंपतात. नाहीतर कुंभारमाशी आत घर करते आणि पुढच्या पेरणीला बी अडकतं. त्या दिवशी दिवस बुडायच्या आधी म्हाताऱ्याला पंखाखालच्या नळीशी कुंभारमाशी घिरट्या घालताना दिसली. पाहुण्याच्या वस्तूची राखण करायची म्हणजे करायची. वावरातला वेचायचा राहिलेला कापूस घेतला, बोळा कोंबला आणि तांब्यातल्या पाण्याने माती कालवून वरून लिंपला.

"तेव्हा शिपाई कुठे होता?"

"जेवाले गेलता."

"आणि तो पोरगा?"

म्हाताऱ्याने चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाला, "तो होता न. त्यानं पाह्यलं. हासला. म्हणे, बरं केलं बाबा, माशीचा लय तरास असते. सकाळी मी काढतो." आणि एकदम त्याने माझे पाय धरले. "हे नका लिहू साहेब. मेलेल्या लेकरावर कायले दोष? माह्यावर लिहा. बोळा मीच घातला, मलेच काढाले पायजे होता. पण सकाळी त्याले इमानापाशी पाह्यलं अन् मले वाटलं, काढला असन."

मी त्याला उठवलं. खरं सांगायचं तर माझा विश्वास बसला नव्हता. पोराला सोडवायला बापाने रचलेली गोष्ट नसेल कशावरून? बापाने खून अंगावर घेतलेले मी पाहिले होते.

दोन दिवसांनी निरीक्षक आले. त्यांना मी म्हाताऱ्याचं म्हणणं सांगितलं. ते सरळ नाल्यात उतरले. तुटलेला पंख चिखलात रुतला होता. नळीच्या तोंडात माती होती, ती पंचनाम्यात आम्हीही पाहिली होती. नाल्याचा चिखल समजून सोडून दिली होती. निरीक्षकांनी पंचांसमक्ष तारेचा आकडा घालून हळूच ओढलं. आधी वाळलेल्या मातीची टिकली निघाली आणि तिच्यामागे कापूस, करकचून दाबलेला. नाल्याच्या चिखलात कापूस पिकत नाही. जमादार पुटपुटले, "बाप्पा रे!"

निरीक्षकांनी मला समजेल असं सांगितलं. पेट्रोल खाली यायला टाकीत हवा शिरावी लागते, ती या नळीतून शिरते. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर धार येऊन थांबते, तसंच हे. विमान उठेपर्यंत पेट्रोल आलं, मग थांबलं. इंजिन बंद पडल्यावर समोर जे रान असेल त्यात सरळ उतरायचं, अशी शिकवण असते. कमी उंचीवर मागे वळलं की विमान कलंडतं. पण मागे ओळखीचं वावर दिसत असतं आणि माणूस वळतो. "लहान विमानं अशीच पडतात," ते म्हणाले. "आभाळ फाटून क्वचितच पडतात."

उडण्यापूर्वी विमानाभोवती फेरी मारून प्रत्येक झाकण आणि प्रत्येक भोक हाताने तपासायचं, हा वैमानिकाचा पहिला धडा. मी दवाखान्यात प्रशिक्षकांना विचारलं. ते छताकडे पाहत म्हणाले, "रोज तो फेरी मारतो, मग मी मारतो. त्या दिवशी तो विमानाजवळ दिसला, मला वाटलं त्याची झाली. त्याला वाटलं असेल, मी मारली. मी विचारलंच नाही हो." आणि तो चाळिशीतला माणूस उशीत तोंड खुपसून रडला.

दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो, तसं झालं होतं. आणि इथे तर घरं तीन होती.

मुलाला सोडायचा अहवाल मी त्याच दिवशी कोर्टात पाठवला. जीपच्या पेट्रोलची तक्रार द्यायला ठेकेदार काही आला नाही. मी मुलाला खोलीत घेऊन असं झापलं, की पुन्हा त्याचं नाव आमच्या ठाण्यात आलं नाही. म्हाताऱ्यावर गुन्हा टिकणार नाही, असं सरकारी वकिलांनी सांगितलं. राहिला होता त्याचा जबाब, आणि त्यातलं गेलेल्या पोराच्या तोंडचं ते एक वाक्य.

गेलेल्या पोराचे वडील मुलाचं घड्याळ आणि कपडे घ्यायला आले. दुसऱ्या जिल्ह्यातले शाळामास्तर, सरळ ताठ बसणारे. नळीतल्या बोळ्याचं तेवढं मी त्यांना सांगितलं. त्यांनी पावतीवर सही केली आणि म्हणाले, "रात्रभर त्याच्याजवळ जे होते, त्यांना भेटायचंय."

म्हातारा आला तो दारातच बसला. मास्तर खुर्चीवरून उठून त्याच्याजवळ खाली बसले. त्यांनी विचारलं, "दादा, रात्री जेवला का तो?"

"जेवला न जी. झुणका-भाकर. दुसऱ्यांदा भाकर मागून घेतली."

"झोप लागली?"

"लागली. इमानाखालीच लवंडला. मी पांघरूण टाकलं अंगावर."

मास्तरांनी मान हलवली. मग विचारलं, "तो बोळा, त्यानं पाहिला होता का?"

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "नाई जी. झोपला होता तो. त्याले कायी मालूम नव्हतं."

मास्तरांनी म्हाताऱ्याचा हात हातात घेतला. "खोटं बोलू नका दादा. 'करतो' म्हणाला असेल. लहानपणापासून तसाच होता. दिवा मालव म्हटलं की करतो, दप्तर भर म्हटलं की करतो. आई मागून जाऊन करायची." मग ते माझ्याकडे वळले. "साहेब, जे घडलं ते सगळं लिहा. माझ्या मुलाची चूकही लिहा. दुसऱ्या कोणाचा तरी मुलगा ते वाचेल."

मी लिहिलं. 'सकाळी मी काढतो' हे वाक्यही लिहिलं.

लोक विचारतात, पोलीस खात्याने काय शिकवलं? गुन्हेगार ओळखायला शिकवलं, असं ऐकायची त्यांची अपेक्षा असते. पण या प्रकरणात ओळखायला गुन्हेगारच नव्हता. होती ती भली माणसं. एकाने मायेने बोळा घातला, दुसऱ्याने हसून 'काढतो' म्हटलं, तिसऱ्याने विश्वासाने विचारलं नाही. वाईट माणसावर आपण नजर ठेवतो. भल्या माणसाचं काम पाहायला मात्र आपल्याला संकोच वाटतो.

तेव्हापासून सरकारी जीप असो की भाड्याची मोटार, बसण्याआधी मी तिच्याभोवती एक फेरी मारतो. चाकं पाहतो, खाली वाकून पाहतो. ड्रायव्हर म्हणतो, "साहेब, मी पाहिलंय सगळं." मी म्हणतो, पाहिलं असशील बाबा, आणि फेरी पुरी करतो. परवा नातू मोटारसायकल घेऊन निघाला होता. मी म्हटलं, ब्रेक बघून घे. तो हेल्मेट चढवत म्हणाला, "बघतो, आजोबा."

मी काठी टेकत उठलो आणि त्याच्या गाडीसमोर जाऊन उभा राहिलो. त्याने ब्रेक दाबून दाखवले, तेव्हाच बाजूला झालो.