काशिनाथच्या आज्याचं रिव्हॉल्वर

फौजेतून हवालदार म्हणून पेन्शनीत आलो आणि भिवंडीजवळ राहनाळच्या एका गोडाऊनच्या गेटवर माझं पोस्टिंग झालं. हसू नका. नोकरी सिक्युरिटी सुपरवायझरची होती, पण मी तिला पोस्टिंगच म्हणायचो. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. भिवंडीतल्या लूमवरचे कापडाचे तागे ट्रक भरून आमच्याकडे यायचे आणि तसेच भरून बाहेर पडायचे.

हाताखालच्या गार्डांत खरा कामाचा एकच. फौजेतला नाईक काशिनाथ भोईर, खारबावचा, शेतकऱ्याघरचा. पलटणीत मी वेपन ट्रेनिंग द्यायचो आणि तो माझ्याच स्क्वाडात शिकला होता. बाकीचे गार्ड मला साहेब म्हणत. हा मात्र उस्ताद म्हणायचा, तो शेवटपर्यंत.

सकाळी आठला मी गार्डांना रांगेत फॉलिन करायला लावायचो. हमालांचा मुकादम रामसजन जौनपूरकडचा, तो समोर बिडी ओढत मजा बघायचा. "हवालदारजी, परेड हो गयी हो तो गाड़ी लगवाऊँ?" असं रोज विचारायचा. मी रोज चिडायचो. माणूस मात्र सोन्यासारखा होता.

त्या भागात एक दादा होता. नाव घेत नाही, घ्यायची त्याची लायकी नाही. गोडाऊनचं सगळं हमालीचं काम आपल्या पोरांना मिळावं म्हणून तो मागे लागला होता. रामसजन म्हणाला, माझी माणसं कुठे जातील? एका दुपारी दादा दोघांना घेऊन आला आणि गेटवरच रामसजनला भोसकलं. मी आत ट्रकचं सील तपासत होतो. ओरडा ऐकून धावलो तर काशिनाथ त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. काशिनाथने तिघांचेही चेहरे पाहिले होते. पोलिसांना त्याने तिघांची नावं सांगितली, एक शब्द मागेपुढे न करता. दादा आणि ते दोघे आत गेले, पण त्याची बाकीची पोरं बाहेर होती.

मग निरोप यायला लागले. कधी पानवाल्यामार्फत, कधी गोडाऊनच्या फोनवर. "भोईर को बोलो, कोर्ट में आँख कमजोर कर ले."  युद्ध पाहिलेला माणूस मी, पण तिथे शत्रू समोर असतो. इथे सायकलवरून येणारा प्रत्येक अनोळखी माणूस शत्रू वाटायचा.

एका सकाळी काशिनाथ मला गेटमागे घेऊन गेला आणि सदरा वर केला. कमरेला कातड्याचं जुनं होल्स्टर, त्यात रिव्हॉल्वर. त्याच्या आज्याला गोऱ्या साहेबाने विलायतेला जाताना बक्षीस दिलेलं. लायसन्स आज्यावरून बापाच्या आणि बापावरून याच्या नावावर आलेलं. मी हातात घेतलं, खटका दाबला, तर ते मधूनच उघडलं.

"अरे काशा, हे रिव्हॉल्वर आहे की अडकित्ता?"

"हसा, उस्ताद. पन बॅरल साफ हाय का न्हाय?"

बॅरल साफ होतं. रोज तेल घालत असणार. भीती होती ती राऊंडची, म्हणजे काडतुसांची. त्या मापाचे राऊंड दुकानात मिळणं कधीच बंद झालं होतं. त्याच्याकडे आज्याच्या वेळचे पाच उरले होते, पितळ हिरवं पडलेलं.

"एक फायर करून बघ," मी म्हणालो.

"एक उडला म्हनून दुसरा उडंल, असं तुमी लिहून देताव का?"

 नवीन हत्यारासाठी त्याने अर्ज केला होता, पण कागद फिरतच होता. पोलीस ठाण्याचा शिपाई आठवड्यातून चक्कर मारायचा, चहा प्यायचा आणि जायचा. म्हणून काशिनाथ ते जुनं लोखंड कमरेला बांधून खारबाव ते राहनाळ सायकल मारायचा. तो गेटवर दिसेपर्यंत मला चहा गिळायचा नाही. आला की मी विचारायचो, "रिपोर्ट?" तो टाच जुळवायचा. "सब ठीक, उस्ताद." मग मी खोटंखोटं ओरडायचो, उशीर झाला म्हणून.

असं वर्ष गेलं आणि निवडणूक लागली. निवडणूक म्हटली की लायसन्सची हत्यारं ठाण्यात जमा करायची, हा आपल्याकडचा नियम. ठाण्याबाहेर भरदिवसा लाईन लागते. कोणाची बारा बोअरची बंदूक, कोणाचं पिस्तूल, सगळा गाव बघतो. काशिनाथची साक्ष नेमकी त्याच दिवसांत लागली. मी म्हणालो, अर्ज कर, तुझ्या जिवाला धोका आहे, सूट मिळेल. तो ऐकेल तर शपथ.

"हुकूम समद्यांना हाय. मी काय आकाशातून पडलो?"

लाईनीत उभा राहून त्याने रिव्हॉल्वर जमा केलं. दादाची पोरं समोरच्या टपरीवर बसून बघत होती. माझं डोकं सणकलं, पण करणार काय?

साक्षीच्या सकाळी मी स्वतः त्याला आणायला खारबावला गेलो. त्याची बायको पार्वतीवहिनी दारात उभी होती, तोंड सुकलेलं. काशिनाथ इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आला. कमरेला फुगवटा.

"हे काय?"

त्याने शर्ट उचलला. होल्स्टरमध्ये घरच्या खलबत्त्याचा लोखंडी बत्ता. "पट्टा हलका लागतो, उस्ताद. चालताना तोल जातो."

त्या दिवसांत पहिल्यांदा मी पोट धरून हसलो. वहिनीने कपाळावर हात मारला.

रस्त्याला लागलो तोच मोटारसायकल आली आणि आडवी थांबली. दोघे उतरले. एकाच्या हातात गुप्ती. काशिनाथने हात कमरेला नेला. मी मोठ्याने ऑर्डर दिली, फायरिंग रेंजवर द्यायचो तशी, "सामने दो दुश्मन! दाहिनेवाला तेरा!"

दोघे थबकले. मग गुप्तीवाला हसला. "चाचा, वो तो थाने में जमा है."

काशिनाथने बत्ता काढला आणि सरळ त्याच्या नडगीवर फेकला. "उस्ताद, पला!"

आणि आम्ही पळालो. माजी सैनिक, पेन्शनर, भात कापलेल्या शेतांतून बांधावरून उड्या मारत. चप्पल गेली, श्वास गेला. स्टेशनाजवळ रिक्षात पडलो तेव्हा काशिनाथ हसत होता. कोर्टात मात्र तो ताठ उभा राहिला. वकिलाने वेडेवाकडे प्रश्न विचारले. याने रामसजनला कोणी धरलं, कोणी वार केला, ते सांगितलं, बोट दाखवून. मी बाकावर अनवाणी बसलो होतो. छाती भरून आली, हे कबूल करतो.

निवडणूक संपली. हत्यारं परत मिळाली. काशिनाथने होल्स्टर पुन्हा बांधलं आणि खरं सांगतो, मलाही जरा झोप लागायला लागली. आता साक्ष झाली, आता याला मारून त्यांना काय मिळणार, असं मी स्वतःला समजावत होतो. सूड नावाची चीज मी हिशेबात धरलीच नाही.

निकालाच्या आधी, एका साखरपुड्याहून नवराबायको दुपारी चालत घरी येत होते. गावाबाहेर मोटारसायकलवरचे तेच दोघे समोर आले. काशिनाथने रिव्हॉल्वर काढून नेम धरला. ट्रिगर दाबला, नुसता खट्. पुन्हा दाबला, पुन्हा खट्. आज्याचे राऊंड मेलेले होते. वहिनी ओरडत गावात पोहोचली, माणसं धावत आली, पण तोवर तो रस्त्यावर पडला होता, जीव गेलेला. हल्लेखोर त्याच दिवशी धरले गेले. पुढे दादाला जन्मठेप झाली. काशिनाथची साक्ष टिकली. मुकादम रामसजन याला न्याय मिळाला, तो असा.

पण मी संतापलो होतो. रिव्हॉल्वरवर आणि त्याहून जास्त काशिनाथवर. महिन्याकाठी खारबावला जायचो, वहिनी चहा द्यायची आणि मी मुकाट्याने पिऊन यायचो. एकदा राहवलं नाही.

"वहिनी, माझ्याबरोबर होता तेव्हा हरणासारखा पळाला. या वेळी काय झालं होतं? हातात हत्यार आलं की फौजीची अक्कल जाते बघा. दोनदा खट् झाल्यावर तरी पळायचं ना! त्या सडक्या लोखंडाच्या भरवशावर कशाला उभा राहिला गाढव?"

वहिनी सुपात तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"भाऊ, मी पलनार किती? त्या टायमाला माझं पाय सुजलेलं. यांना ठावं होतं, दोघं पललो तर मी मागं ऱ्हानार. दुसऱ्या टायमाला खट् झालं तवा मना हलू बोलले, पार्वते, तू जा, मागं बघू नको. मी मागं बघितलंच. त्ये नळी त्यांच्यावर धरून तसंच उभं. त्या दोघांना वाटं, तिसरी उडंल. जागचं हालं नाय कुनी. मी देवलापर्यंत पोचली तवर यांनी त्या दोघांना तसंच धरून ठेवलं."

 चहा निवत होता. वहिनीने सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

पलटणीत मी कितीतरी जवानांना कव्हरिंग फायर शिकवला. एक साथी मागे जातो, दुसरा शत्रूला जागेवर दाबून धरतो. एकही राऊंड उडत नसताना कव्हर देणारा मात्र मला एकच ठाऊक आहे. नाईक काशिनाथ भोईर, राहणार खारबाव.